लॉकरमावशीची बटणं

आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. माझ्या दुकानाला लोक 'त्या भांडखोर बाईचा स्टुडिओ' म्हणतात आणि तरी व्हिसाचे फोटो माझ्याकडेच काढतात. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. हसायचं नाही म्हटलं की माणसं हटकून हसतात. मग मी खेकसते, ती दचकतात आणि फोटो नियमात बसतो. पण आज माझं कौतुक नाही, लॉकरमावशीचं सांगायचंय.

आमच्या गल्लीच्या टोकाला, माझ्या दुकानाला लागूनच, व्हिसा ऑफिस आहे. कुठल्या देशाचं ते सांगत नाही. ज्यांनी आमच्या मावशीला तोंडावर 'नाही' म्हटलं, त्यांचं नाव मी फुकट घेत नाही. तर त्या ऑफिसच्या दारात एक वॉचमन उभा असतो आणि तो दिवसभर एकच पाढा म्हणतो: मोबाइल नाही, बॅग नाही, चार्जर नाही, डबा नाही, फक्त कागद आत न्यायचे. माणसं आलेली असतात लांबून. खांद्याला बॅग, काखेत बॅग, हातात पाण्याची बाटली. ती कावरीबावरी होतात. "मग ठेवायचं कुठे? लॉकर कुठंय?" वॉचमन हनुवटीने समोर दाखवतो. समोर पत्र्याच्या छपराखाली एक लांब बाकडं, बाकड्यामागे लोखंडी मांडणी आणि बाकड्यावर ठेंगणीशी, पाठ ताठ ठेवून बसलेली एक बाई. हेच लॉकर. म्हणून ती लॉकरमावशी.

आधी ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करायची. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी बाकीच्यांनी हाताला लागेल ते मागून घेतलं, पंखे, खुर्च्या. हिने काय मागावं? नमुन्याच्या बटणांचा डबा! नमुन्याची बटणं जोडीने येतात आणि एका जोडीसारखी दुसरी सापडत नाही. कुठलं मोरपिशी, कुठलं चार भोकांचं दुधी, कुठलं कडेला नक्षी असलेलं. त्या डब्यावर तिने आपला धंदा उभा केला. पिशवी आली की जोडीतलं एक बटण दोऱ्याने पिशवीला बांधायचं, दुसरं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. मी एकदा म्हटलं, चिठ्ठ्या दे की सरळ. तर म्हणाली, चिठ्ठी आतल्या कागदांत हरवते आणि पत्र्याचा बिल्ला दिला तर तपासणीचं यंत्र बोंब मारतं. बटण बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"मुठीत ठेव," ती प्रत्येकाला सांगायची. "आत काही विचारू देत, हे सोडायचं नाही." आणि लोक खरंच सोडायचे नाहीत. टाय लावलेले, गाडीतून उतरलेले, सगळे मुठीत शर्टाचं बटण धरून आत जायचे.

कुणाचं काय झालं ते मावशी कधी विचारायची नाही. काम झालेले लोक गल्लीभर सांगत सुटतात आणि न झालेले खाली बघून पिशवी मागतात. दोघांना ती सारखंच म्हणायची, "बघून घे रे बाबा, सगळं आहे ना." आणि शेवटची पिशवी जाईपर्यंत बाकड्यावरून उठायची नाही. ऑफिसचे दिवे बंद होवोत, चहावाला टपरी आवरो, ही बसलेली.

एक पिशवी मात्र गेलीच नाही. निळी, चेनची, साधीच. एक उंच माणूस ठेवून आत गेला तो आलाच नाही. ऑफिसला मागच्या बाजूनेही दार आहे, तिथून गेला असेल, काय झालं असेल ते त्याचं त्याला माहीत. मावशी ती पिशवी रोज संध्याकाळी घरी न्यायची आणि रोज सकाळी परत आणायची. गल्लीत हसून हसून लोकांची पोटं दुखायची. चहावाला विचारायचा, "मावशी, आज पिशवीने चहा घेतला का?" माझं तर डोकंच फिरायचं.

"अगं, उघडून बघ ना एकदा! नाव सापडेल, पत्ता सापडेल."

"माझी आहे का?"

"नाही."

"मग?"



आता मुद्द्यावर येते. त्या ऑफिसच्या काचेला आतून एक मोठं चित्र चिकटवलंय. नदी, काठाने जाणारा दगडी रस्ता आणि रस्त्याने चालणारी पांढऱ्या केसांची एक बाई. खाली ठळक अक्षरांत: 'या, आमचा देश पाहा.' मावशीचं बाकडं नेमकं त्या चित्राच्या समोर. एका दुपारी गर्दी नव्हती, मी चहा घेऊन तिच्याशेजारी टेकले होते. ती म्हणाली, "पोरी, त्या बाईच्या हातात काय आहे बघ."

मी डोळे बारीक करून बघितलं. "काही नाही."

"तेच म्हणतेय मी. पिशवी नाही, पर्स नाही, छत्री नाही. नुसती चाललीय." मग कप खाली ठेवून म्हणाली, "मला असं चालायचंय. एकदाच."

"चाल की मग! त्याला परदेश कशाला? संध्याकाळी बागेत जा."

"गेले होते," ती म्हणाली. "पहिलाच फेरा झाला नाही तोवर एक बाई आली. 'मावशी, जरा पोराची सायकल धरता का, मी आलेच.' ती आली अंधार पडल्यावर."

मी हसायला लागले. पण ती हसत नव्हती, हातांकडे बघत होती. खरं सांगायचं तर तिचा जन्मच त्यात गेला होता. लहान होती तेव्हा धाकटा भाऊ कडेवर. लग्न झालं तर नवरा लवकर गेला आणि सासूचं दुखणं हिच्या हातात राहिलं. सासू गेली, भावाने घरी आणलं, तर त्याची दोन पोरं पुन्हा हिच्या कडेवर. कुणाच्या लग्नाला गेली की सगळ्या बायका नाचायला आणि त्यांच्या पर्सेस हिच्या मांडीवर. तिच्या कपाळावरच लिहिलं असावं, सामान इथे ठेवा.

"मला ओळखत नाहीत तिथे जायला हवं," ती म्हणाली. "कुणी 'जरा हे धरा' म्हटलं तरी मला कळणार नाही, अशा ठिकाणी."

मला वाटलं, दुपारचं बोलणं आहे, चहाबरोबर संपेल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या स्टुडिओत स्टुलावर येऊन बसली, केस चापून, दोन्ही कान बाहेर. पासपोर्टसाठी फोटो काढ म्हणाली. मी कॅमेरा लावला तर विचारते, "यात हात येत नाहीत का?" म्हटलं, नाही, फक्त तोंड. "बरंय मग," म्हणाली. आणि तिच्यावर मला ओरडावं लागलं नाही, ती हसलीच नाही.

पासपोर्ट हातात आला आणि घरी बोंब झाली. तिचा भाऊ तणतणत माझ्या दुकानात आला. बँकेत कारकून आहे, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. "तुम्ही तिच्या डोक्यात भरवलंत हे," म्हणाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात समोरच्या बाकड्यावरून मावशीच बोलली.

"तिला काय विचारतोस? मला विचार."

तो रस्ता ओलांडून तिच्यासमोर उभा राहिला. "ताई, तिकडे तुझं कोण आहे?"

"कुणी नाही म्हणून तर चाललेय."

"लोक विचारतील. मी काय सांगू?"

"सांग, फिरायला गेली."

"एकटी? या वयात?"

"मग कुठल्या वयात जायचं होतं?" मावशी म्हणाली. "तू कडेवर होतास तेव्हा?"

चहावाला पाठ फिरवून हसला. भाऊ लाल झाला. "घरी कोण बघणार सगळं?" असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. खरं दुखणं ते होतं. मी मनात म्हटलं, कळू दे जरा. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग आमचे फॉर्मवाले. झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून बसतात आणि लोकांचे अर्ज भरतात. सगळं माहीत असल्यासारखे बोलतात. त्यांनी मावशीचे कागद चाळले. घराचा तिच्या नावावरचा हिस्सा, बाकड्याचा परवाना, बँकेतली शिल्लक. सगळं ठीक होतं. मग 'प्रवासाचं कारण' या रकान्यावर पेन टेकवून थांबले.

"मावशी, कारण काय लिहू?"

"फिरायला."

"तसं चालत नाही हो. फिरायला म्हटलं की त्यांना संशय येतो. नवराबायको असतील तर ठीक, ग्रुप असेल तर ठीक. एकटी बाई, पहिलाच प्रवास... आपण भाचीचं लग्न लिहू. पत्रिका मी छापून आणतो."

"खोटी?"

"अहो, सगळेच करतात."

"लग्नाला गेले की पुन्हा पर्सेस घेऊन बसावं लागेल," मावशी म्हणाली. "फिरायला लिहा. खरंही आहे आणि तुमची शाईही कमी लागेल."

फॉर्मवाल्यांनी लिहिलं, पण तोंड असं केलं की जणू स्वतःच्या हाताने विहिरीत ढकलतायत.

पहिल्या वेळी ती मुलाखतीला आत गेली तेव्हा मी बाकड्यावर बसले होते. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर आली. ज्यांच्या पिशव्या होत्या त्यांना एकेक करून दिल्या, "बघून घे बाबा, सगळं आहे ना," म्हटलं. पुढच्या आठवड्यात पासपोर्ट परत आला, सोबत एक छापील कागद. त्यात म्हटलं होतं की आपण प्रवास संपवून मायदेशी परत याल याची आमची खात्री पटली नाही.

तो कागद वाचला आणि माझं टाळकंच सटकलं. मावशी परत येणार नाही? जी बाई परक्याच्या पिशवीसाठी बाकडं सोडत नाही, ती? मी तशीच उठले आणि ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. "भिंतीला 'या, या' चिकटवायचं आणि दारात आलेल्याला 'कशाला आलात' विचारायचं! काढा ते चित्र! नाहीतर खाली लिहा, फक्त श्रीमंतांनी यावं!" गल्ली गोळा झाली. वॉचमन बिचारा हात जोडून म्हणाला, "ताई, मी फक्त दार उघडतो हो." त्याच्यावर ओरडून काय उपयोग होता, वड्याचं तेल वांग्यावर काढण्यातला प्रकार. पण कुणावर तरी ओरडायला हवंच होतं.

मावशीने मला दंडाला धरून आणलं. मला वाटलं ही रडेल, म्हणून मीच आधी रडायला लागले. ती म्हणाली, "गप्प बस. त्यांनी 'नाही' म्हटलंय ना? मी कुठे 'बरं' म्हटलंय?"

संध्याकाळी भाऊ आला तो समजूत घालायच्या तयारीत. आवाजात लोणी. "जाऊ दे ताई, नशिबात नव्हतं. आपण सगळे मिळून जाऊ कधीतरी जवळपास. तू डबे घे, आम्ही गाडी करू." मावशीने निळी पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "डबे तू घे." आणि चालायला लागली. फॉर्मवालेही म्हणाले की आता निदान वर्षभर थांबा, एकदा नकाराचा शिक्का बसला की अवघड असतं, आणि पत्रिकेचं अजूनही जमेल. तिने दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढे कोरा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "तेच लिहा."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं झालं. कधी फोटोचा आकार बदलला, कधी बँकेच्या कागदावर गोल शिक्का नव्हता. एकदा तर भावानेच घराचा कागद सापडत नाही म्हणून सांगितलं. मावशी स्वयंपाक न करता घरात बसून राहिली. दुपारपर्यंत कागद सापडला.

दुसऱ्या मुलाखतीच्या सकाळी मी तिला म्हटलं, आज तरी धंदा बंद ठेव. तर म्हणे, लोक लांबून आलेत, त्यांनी काय रस्त्यावर ठेवायच्या पिशव्या? मांडणी भरून घेतली आणि मग उठली. आता तिची स्वतःची कापडी पिशवी, त्यात मोबाइल, घराच्या किल्ल्या, चष्म्याचं घर. ती पिशवी माझ्याकडे देऊन ती रस्ता ओलांडायला लागली.

"थांब!" मी ओरडले. "बटण?"

"मला कशाला बटण? तू ओळखतेस की मला."

"नियम म्हणजे नियम." मी डब्यातून एक जोडी काढली, लालभडक, मधोमध पांढरा ठिपका. एक तिच्या पिशवीला बांधलं, दुसरं तिच्या तळहातावर ठेवलं. "मुठीत ठेव. आत काही विचारू देत, सोडायचं नाही."

ती जरा लाजली. इतकी वर्षं बटणं दिली, पण तिच्या हातात कुणी दिलं नव्हतं. मूठ मिटून आत गेली.

आत काय झालं ते मला मावशीने सांगितलं, आणि तिला वाढवून सांगता येत नाही, ते काम माझ्याकडे आहे. खिडकीच्या काचेपलीकडे एक गोरी, चष्मा लावलेली अधिकारी बाई होती आणि तिच्याशेजारी आपली भाषा बोलणारा दुभाषा. विचारपूस सुरू झाली.

"तिकडे तुमचं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग कशाला जाताय?"

"फिरायला. नदीकाठी. तुमच्या काचेवर चित्र आहे तिथे."

"याआधी कुठला देश पाहिलात?"

"एकही नाही. कुठून तरी सुरुवात करावीच लागते."

"इथे नवरा, मुलं?"

"नवरा गेला. मुलं नाहीत."

"मग तुम्ही परत कशासाठी याल?"

नवरा नाही, पोर नाही, म्हणजे या बाईला यायला कारणच नाही, असं सरळ तोंडावर. मावशीने मूठ घट्ट केली. अधिकारी बाईचं लक्ष तिकडे गेलं आणि तिने दुभाष्याला काहीतरी विचारलं.

"मॅडम विचारतायत, हातात काय आहे?"

मावशीने मूठ उघडून बटण काचेसमोर धरलं. अधिकारी बाई पुढे वाकली. मग तिने टेबलाचा खण उघडला आणि आतून एक छोटी वाटी काढून समोर ठेवली. वाटीत बटणं! मोरपिशी, दुधी, नक्षीची.

"मॅडम म्हणतायत, इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बटण असतं. घाबरून काही जण इथेच विसरून जातात. त्यांना वाटायचं, तुमच्याकडे शुभ मानत असतील, म्हणून टाकून दिली नाहीत. हे नेमकं काय आहे?"

"शुभ कसलं डोंबलाचं!" मावशी म्हणाली. "माझी बटणं आहेत ती. इकडे द्या. माझ्या जोड्या मोडल्यात त्यांच्यावाचून."

दुभाषा चाचरला. हे भाषांतर करायचं की नाही, त्याला कळेना. मावशी म्हणाली, "सांग त्यांना, जसंच्या तसं सांग." आणि मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही लोकांना पिशव्या आत आणू देत नाही, त्या माझ्याकडे असतात. एक बटण पिशवीला, एक त्यांच्या हातात. ते बाहेर येईपर्यंत मी उठत नाही.

"आणि कुणी आलंच नाही तर?" अधिकारी बाईने विचारलं.

"एक जण आला नाही. त्याची पिशवी आहे माझ्याकडे. रोज घेऊन येते." मावशीने काचेतून खूण करून वाटीतली बटणं पसरायला लावली आणि बघितली, एकेक. "त्याचं बटण पिवळं होतं, मधे तांबडी रेघ. ते यात नाही. म्हणजे त्याने टाकलेलं नाही, त्याच्या हातात आहे. तो येणार. मी नसले तर तो कुणाकडे मागेल?"

मावशीचं तोंड आता सुटलं होतं.

"तुम्ही मला विचारता, परत कशासाठी याल. मी इतकी वर्षं तुमच्या दारात बसले. माझ्याकडे सामान ठेवणाऱ्या एकालाही मी कधी विचारलं नाही की बाबा, तू परत येशील याचा पुरावा काय. बटण देते आणि वाट बघते. येतात लोक. तुम्हाला नाही पटत तर 'नाही' म्हणा, तो तुमचा अधिकार. मी पुन्हा अर्ज भरीन. पण मला कुणाचं लग्न नाही, कुणाचं बाळंतपण नाही, कुणाचं काही सांभाळायला मी जात नाही. मला फिरायचंय. तेवढं कारण पुरत नसेल, तर ते चित्र काढून टाका."

आता मी हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, पण मावशीने सांगितलं ते चष्मा पुसत, सरळ आवाजात. दुभाष्याने ते सगळं सांगितलं की गाळून सांगितलं, देव जाणे. अधिकारी बाईने काहीतरी टाइप केलं, पासपोर्ट ठेवून घेतला आणि निकाल नंतर कळेल म्हणाली. मग काचेखालच्या फटीतून ती वाटी मावशीकडे सरकवली.

मावशी बाहेर आली ती पदरात बटणं घेऊन. मी धावले. "काय झालं?"

"जोड्या मिळाल्या," म्हणाली. मग माझ्यासमोर तळहात उघडला. लाल बटण होतं. "माझी पिशवी दे."

मी दोरा तोडून पिशवी दिली. तिने उघडली, किल्ल्या बघितल्या, मोबाइल बघितला, चष्म्याचं घर बघितलं. "सगळं आहे," ती म्हणाली आणि बाकड्यावर बसली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. गिऱ्हाइकांवर इतकी ओरडले की एक जण फोटोत खरंच रडवेला आलाय. ती मात्र पिशव्या घेत होती, देत होती, निळी पिशवी नेत-आणत होती. एकदा म्हटलं, समजा पुन्हा नाही म्हटलं तर? "तिसरा अर्ज," म्हणाली. "फॉर्मवाल्यांना सांगून ठेवलंय." आणि त्यांना खरंच सांगून ठेवलं होतं. त्यांनी 'फिरायला' लिहून रकाना आधीच भरून ठेवला होता.

पाकीट आलं ते दुपारी, ऐन गर्दीत. पोस्टमनने माझ्या दुकानात दिलं. मी ते घेऊन बाकड्याकडे पळाले. "उघड!" तिने हात पुढे केला नाही. मांडणीवर पाच-सहा पिशव्या होत्या.

"यांचं होऊ दे."

"मावशी, मी मरेन!"

"मर थोडी."

शेवटचा माणूस पिशवी घेऊन गेला तेव्हा चहावाला, वॉचमन, फॉर्मवाले सगळे बाकड्याभोवती होते आणि कुणाला काम नव्हतं असं नाही. तिने पाकीट फाडलं. पासपोर्टची पानं उलटली. एका पानावर नवा कोरा व्हिसा चिकटवलेला होता आणि त्यात मी काढलेला तिचा न हसणारा फोटो. मी बोंब ठोकली. चहावाल्याने सगळ्यांना चहा दिला. फॉर्मवाले म्हणाले, "मी सांगत होतो ना, खरं तेच लिहायचं असतं." उचलली जीभ लावली टाळ्याला! पण त्या दिवशी त्यांनाही माफ केलं.

मावशी त्या पानाकडे बघत बसली. मग तिचे डोळे भरले, पहिल्यांदाच. "हो म्हणाले गं," एवढंच म्हणाली.

निघायच्या दिवशी विमानतळाची गाडी गल्लीत आत येत नव्हती, कोपऱ्यावर उभी होती. भाऊ आला होता, मागे बायको आणि दोन्ही पोरं, आता चांगली बापाएवढी झालेली. मावशीची चाकांची बॅग तिच्या पायाशी होती. ती बॅग उचलेल म्हणून भावाने सवयीने वाट बघितली. मावशी त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"उचल," ती म्हणाली. "आज मी काही धरणार नाही."

त्याने उचलली. तोंड वाकडं होतं, पण उचलली. त्याच्या बायकोने पासपोर्टचं पाकीट सांभाळायला घेतलं. मावशीने निळी पिशवी मांडणीवर ठेवली आणि मला म्हणाली, "रोज घरी नेशील ना? आणि उघडायची नाही."

"नाही उघडणार, बाई."

मग तिने डब्यातून लाल जोडी काढली. एक बटण माझ्या हातात दिलं.

"हे कुणाचं?" मी विचारलं. "पिशवी कुठंय?"

"पिशवी नाही. मीच." दुसरं बटण तिने मुठीत घेतलं. "परत आले की हे दाखवीन. तोवर सांभाळ."

माझं तोंड बंद झालं. माझं! ती चालायला लागली. गल्लीच्या मध्यापर्यंत मूठ मिटलेली होती. मग ती थांबली, मूठ उघडली, बटण ब्लाउजच्या आत ठेवून दिलं आणि दोन्ही हात खाली सोडले. सुरुवातीला त्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं, लाकडासारखे लोंबत होते. पाच-दहा पावलं तशीच गेली. मग ते हलायला लागले, पुढे-मागे, पुढे-मागे, शाळा सुटलेल्या पोरीसारखे. भाऊ मागून बॅग ओढत, धापा टाकत चालला होता. तिने एकदाही वळून बघितलं नाही.

आता मी बाकड्यावर बसते. स्टुडिओत नवऱ्याला बसवलंय. त्याला ओरडता येत नाही, त्यामुळे या महिन्यातली माणसं फोटोत हसरी आलीत आणि फोटो परत येतायत. येऊ देत. निळी पिशवी रोज नेते, रोज आणते, आणि चहावाल्याची टाप नाही हसायची. लाल बटण मी गळ्यातल्या साखळीत ओवून घेतलंय.

काल एक जुनं गिऱ्हाईक आलं. बाकड्यावर मला बघून गोंधळलं.

"मावशी कुठे गेल्या?"

"परदेशात," मी म्हटलं.

"असं? कुणाकडे? मुलगा असतो का तिकडे?"

"कुणाकडे नाही." मी त्याची पिशवी घेतली, बटण बांधलं आणि दुसरं त्याच्या हातावर ठेवलं. "फिरायला गेलीय."